कांडोळाला घातलेलं पाणी

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. मालक हयात होते तोवर त्यांची भीती होती. ते गेल्यावर मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असं स्वतःला सांगितलं. पुढे मुलांची लग्नं निघाली, मग नातवंडांपुढे शोभा नको वाटली. कारणं संपत आली तेव्हा डोळे अधू झाले आणि तेही एक कारण झालं.

मागच्या साली एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेला गृहस्थ हिंगोलीच्या जुन्या 'विलायती बागे'ची गोष्ट सांगत होता. पन्नाशीचा माणूस, बाग त्यानं पाहिलेली असणं शक्यच नव्हतं. तरी रंगवून सांगत होता. "आन् समदी झाडं मेली, येकच राह्यलं. तर त्याचं पानी पखाल्यानं चोरलं! मालकानं ईचारलं तर म्हन्तो कसा, मी झाडाला सांगूनच नेत होतो!" पंगत हसली. वाढणारा हसला. मीही हसलो आणि आणखी एक जिलबी घेतली. घरी आल्यावर ती जिलबी पचली नाही.

खरं काय ते आधी सांगून टाकतो. ते झाड विलायती नव्हतं. त्याला उन्हाळ्यात पाण्याची गरज नव्हती. आणि हे त्या वेळी अख्ख्या हिंगोलीत फक्त मला ठाऊक होतं, कारण ते झाड मीच आणून लावलं होतं.

आमचे मालक मोठ्या घरचे. निजामाच्या राज्यात ज्यांच्या दारात अधिकारी स्वतःहून चहाला येत अशा घरांपैकी एक. वडिलांनी त्यांना बॅरिस्टर व्हायला विलायतेला पाठवलं. तिथे उत्तरेकडच्या एका थंड शहरात ते चार हिवाळे राहिले आणि बॅरिस्टर न होता परत आले. मात्र येताना झाडांची लॅटिन नावं पाठ करून आले. त्या शहरात म्हणे झाडांची एक सरकारी बाग होती. जगभरची झाडं, प्रत्येकाला पाटी, आणि कुणीही यावं, हिंडावं, पाट्या वाचाव्या. खोलीचं भाडं देऊन कोळशाला पैसे उरले नाहीत की मालक तिथल्या काचेच्या घरात जाऊन बसत. ते घर गरम पाण्याच्या नळांनी उबदार ठेवलेलं असे. आत केळ होती.

"केळ!" मालक आम्हाला सांगत. "बाहेर बर्फ पडतंय आणि आत केळीला पान फुटतंय. लोक भोवती उभे. कुणी बोलत नाही. देवळात असावं तसं."

वसमतच्या मळ्यांत बैल ज्या केळीचे खुंट चघळतात, तिच्यापुढे गोरे लोक हात जोडून उभे, हे ऐकून आम्ही माना डोलवत असू. एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर डोलवायचीच. मालकांचा हिशोब सरळ होता. त्यांनी बर्फात केळ जगवली, तर आपण हिंगोलीत मेपल का जगवू नये?

मी तेव्हा विशीत होतो. मॅट्रिकला दोनदा आपटलेला. पण इंग्रजी अक्षर वळणदार होतं, म्हणून पाट्या रंगवायला मला ठेवलं. पुढे झाडांची देखरेखही माझ्यावरच आली. मला झाडांतलं काय कळत होतं? मालकांना जेवढं कळत होतं तेवढंच. फरक एवढाच की त्यांच्याकडे जमीन होती.

छावणीच्या बाजूला त्यांच्या बंगल्यामागे ही बाग उठली. तिच्या फाटकावर एक नियम लावला होता आणि तो लिहिताना मला मोठा अभिमान वाटला होता: अनवाणी माणसास आत प्रवेश नाही. त्या थंड शहरात बागेत कुणी अनवाणी येत नसे. म्हणून इथेही येऊ नये. त्या बर्फात अनवाणी गेलं तर बोटं झडतात, हे कारण मालकांच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी फाटकावर तमाशा असे. दाराशी बसलेला शिपाई पाय बघून माणूस आत सोडी.

"पायताण न्हाई? मंग माघारी."

"हाय की पायताण. भावाच्या पायात आत गेलंय. त्यो भायेर आला की म्या जातो."

"काहून? येकच जोड?"

"येकच. बापाचा हाय. बाप गावाकडं, निजून हाय."

एक जोडा घालून एक आत जाई, कुंपणावरून जोडा बाहेर फेकी, दुसरा तो घालून आत येई. शिपायाला सगळं दिसे. तो फक्त पायांकडे बघे. आत येऊन लोक काय बघत? आखून पाडलेल्या वाफ्यांत वीतभर काड्या आणि प्रत्येक काडीपुढे ताटाएवढी पाटी. त्यावर इंग्रजी, उर्दू आणि बाळबोध अशा तिन्ही लिप्यांत नाव. ओक. बर्च. मेपल. सफरचंद. पाटीची सावली काडीवर पडे. त्या काडीला मिळालेली तेवढीच खरी सावली.

एक मात्र झालं. डोंगरातली झाडं ओळखणारी, लाकूडफाटा आणि डिंक विकणारी जी माणसं होती, ती सगळी अनवाणी. त्यांच्यातला एकही फाटकाच्या आत आला नाही. पुढे या नियमानंच मला वाचवलं.

काड्यांसाठी मालकांनी 'थंडघर' बांधलं. बांबूचा सांगाडा आणि चारी बाजूंनी वाळ्याच्या ताट्या. ताट्या सतत ओल्या ठेवायच्या. एकदा बर्फही मागवला. भुशात भरलेली पेटी आगगाडीनं स्टेशनावर आली. आम्ही हार घेऊन गेलो होतो असं म्हटलं तर खोटं ठरेल, पण मालक स्वतः आले होते, हे खरं. पेटी उघडली. ओला भुसा निघाला. मालक म्हणाले, "हरकत नाही. थंड आहे." आम्ही तो भुसा झाडांच्या मुळाशी घातला.

ताट्यांवर आणि वाफ्यांत पाणी घालायला पखाली होते. वयानं माझ्या वडिलांएवढे, मुसलमान, तीन पिढ्यांपासून छावणीला पाणी पुरवणाऱ्या घरातले. त्यांना सगळेच चाचा म्हणत. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी लोंबणारी कातड्याची पखाल, तिचं तोंड मुठीत धरून हवं तेवढंच पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. पाणी बंगल्याशेजारच्या बारवेतून यायचं. ही बारव मालकांच्या आजोबांनी लोकांसाठी बांधली होती आणि तिच्या तोंडाशी एक खोली पखाल्याला राहायला दिली होती. काम होतं तोवर खोली. चाचा आणि चाची तिथेच राहत. मुलगी हट्टा गावी दिलेली होती.

चाचा अनवाणीच असत. कामाचा माणूस म्हणून त्यांना सूट होती.

पहिल्या उन्हाळ्यात मालक शिरस्त्याप्रमाणे फाल्गुन सरताना महाबळेश्वरला निघाले. जाताना मला म्हणाले, "सगळी नाही जगली तरी चालेल. पण मेपल जगला पाहिजे. मी येईन तेव्हा तिथे मेपल नसेल, तर तुमचंही इथे काही काम नाही."

चैत्रात सगळं मेलं. ओक आधी, मेपल शेवटी. चाचांनी पाण्यात कसूर केली नव्हती. कुणीच केली नव्हती. हिंगोलीचा चैत्र होता, दुसरं काय!

मृगानंतर मी एका लग्नाला औंढ्याकडे गेलो होतो. तिथल्या डोंगरावर खडकात उगवलेलं एक लहान झाड दिसलं. पान हाताच्या पंजासारखं, पाच टोकांचं. मालकांच्या पुस्तकातल्या मेपलच्या चित्रासारखं. लग्नघरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कांडोळ हाय. भुत्या म्हन्तेत. चांदन्यात पांढरं दिसतंय मनून घरापाशी कुनी लावत न्हाई. त्याला पानी नगं, माती नगं. खडक खाऊन जगतंय." मी त्याची दोन रोपं टोपलीत घालून आणली आणि मेलेल्या मेपलच्या जागी लावली. एक गेलं. एक धरलं. पाटी आधीपासून होतीच.

मालक परतले तेव्हा मी सांगणार होतो. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलंय, म्हणून आता खरंच सांगणार होतो की नाही ते आठवत नाही. ते वाफ्यापाशी गेले, वाकले, पान दोन बोटांत धरलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जगला," म्हणाले. त्या दिवसापासून मी बागेचा सुपरिंटेंडंट झालो. घरी आईनं शेजारी साखर वाटली.

झाड वाढत गेलं, डोक्याच्या वर गेलं. त्याची साल पांढुरकी होऊन कागदासारखी सुटू लागली. हिवाळ्यात पानं पिवळी होऊन गळत आणि मालक पाहुण्यांना दाखवत, "पाहा, मायदेशाचा ऋतू विसरलेला नाही!" तालुक्याचे साहेब लोक त्याच्या खाली चहा पीत. एकदा एक गोरा इंजिनियरही आला. त्यानं झाडाकडे बराच वेळ पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आणखी एक कप चहा मागितला. तो मीच ओतला. मालक नंतर म्हणाले, "पाहिलंत? गहिवरला बिचारा."

कांडोळाची एक सवय मालकांना कधी कळली नाही. ते हिवाळ्यात बोडकं होतं ते उन्हाळाभर बोडकंच राहतं, पावसाला पालवतं. मालक मात्र दर उन्हाळ्यात महाबळेश्वरी; ते निघाले की मी फाटक बंद ठेवी आणि आतलं पाणी स्वतःच घालतो असं चाचांना सांगे. परत येत तेव्हा झाड हिरवंगार असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका साली पाऊस दडी मारून बसला. बारवेच्या तळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या. कयाधू नदीच्या वाळूत बायका झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत. मालकांनी हुकूम काढला की बारवेचं पाणी आधी बागेला, मग बंगल्याला, उरलं तर वस्तीला. उरत काहीच नव्हतं. बागेत जगलेलं एकच झाड होतं. ज्याला पाणी नको होतं तेच.

वस्तीतल्या बायका मला रस्त्यात अडवत. त्यांच्यातली एक म्हातारी तोंडाची फार तिखट. म्हणाली, "ओ बागवालं सायेब, तुमचं झाड बाळंत झालंय का?"

"काहून मावशी?"

"न्हाई, दोन वक्त न्हाणं चाललंय त्याचं, मनून इचारलं. पोरगं झालं का पोरगी, तेवढं सांगा. बारशाला येतो आमी. पानी प्यायला तरी मिळंल!"

बायका हसल्या. मी मान खाली घालून गेलो. तेव्हाच बोलता आलं असतं. मालकांना एवढंच सांगायचं होतं की झाडाला पाणी लागत नाही. पण का लागत नाही, असं त्यांनी विचारलं असतं.

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की चाचांची पखाल बागेत येते ती अर्धी लोंबलेली, आणि मग तीही येईना. बारवेवरून भरून निघालेला बैल वस्तीच्या गल्लीत वळत होता. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. खरं तर मला बरं वाटलं. माझं काम चाचा करत होते. नाव माझं नव्हतं, जोखीमही माझी नव्हती.

त्या साली मालकांना पायाचं दुखणं लागलं आणि ते महाबळेश्वरला गेले नाहीत. भर वैशाखात काठी टेकत बागेत आले आणि त्यांनी पहिल्यांदा उन्हाळ्यातलं कांडोळ पाहिलं. एक पान नव्हतं. खालची माती भेगाळलेली. त्यांचा चेहरा पडला. घरातलं माणूस दगावल्यासारखा.

चाचांना व्हरांड्यात बोलावलं. मी मालकांच्या खुर्चीमागे उभा होतो.

"पाणी घालतोस का झाडाला?"

"नै, सरकार," चाचा म्हणाले. "पंधरवडा हुआ, नै डाला."

"कुठे नेतोस?"

"बस्ती में. बच्चे रोते हैं, सरकार. मैं चुराया. झूट नै बोलतूं." मग म्हणाले, "पर झाड कू बोल को जाता था. रोज. परदेसी मेहमान है ना, उसका हक है. बोलता था, मियां, आज सबर करो, बारिश में सब चुका देतूं."

व्हरांड्यातले लोक फिदीफिदी हसले. मालक हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"सुपरिंटेंडंट, तुम्ही इथे दर उन्हाळ्यात असता. याआधी हे झाड असं बोडकं झालं होतं का?"

प्रश्न सरळ होता. चाचाही माझ्याकडे पाहत होते, आशेनं नव्हे. त्यांनाही उत्तर जाणून घ्यायचं होतं. झाडाचं आपण किती नुकसान केलं, ते.

मी म्हणालो, "नाही, मालक. उन्हाळ्यात पानांनी भरलेलं असतं."

चाचांनी डोळे मिटले. मालक म्हणाले, "खोली रिकामी कर."

दुसऱ्या दिवशी चाचा आणि चाची बैलावर गाठोडी लादून हट्ट्याला मुलीकडे गेले. वस्तीतल्या बायका वेशीपर्यंत त्यांच्याबरोबर गेल्या. परतताना ती तिखट तोंडाची म्हातारी माझ्याजवळून गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे दोन रोजंदारीची माणसं लावून झाडाला चार वेळा पाणी सुरू झालं. आषाढात झाड पालवलं, कारण ते दर आषाढात पालवत होतंच. मालकांना खात्री पटली की पाण्यानं वाचलं. मग त्यांनी पाणी थांबवलंच नाही. खडकात वाढणारं झाड ते. काळ्या मातीत बाराही महिने चिखल. दोन-अडीच वर्षांत बुंधा खालून मऊ पडला, बोट घातलं तर आत जाई, आंबूस वास येई. एका पावसाळी वाऱ्यात ते आडवं झालं. मालक म्हणाले, "त्या उन्हाळ्यात मुळं सुकली होती. पखाल्यानं मारलं." मी म्हणालो, "हो, मालक." गावानं ते ऐकलं आणि आजवर तेच सांगतंय.

फाटक उघडं पडलं. पाट्या लोकांनी नेल्या. त्यांतली 'ओक' लिहिलेली पाटी मी एका पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून पाहिली.

झाड पडल्यानंतर काही महिन्यांनी मी हट्ट्याला गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. सेहेचाळीस किंवा सत्तेचाळीस साल असेल. चाचा मुलीच्या ओट्यावर बसले होते. बैल राहिला नव्हता. पखालीचं कातडं खुंटीला टांगलेलं, वाळून लाकडासारखं झालेलं. मला पाहताच उठायला लागले.

"बैठो चाचा," मी म्हणालो.

मुलीनं चहा आणला. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, वस्तीतल्या एकेका लेकराची केली. मग बशी खाली ठेवली.

"साहब, सुना है, झाड गिर गया."

"हौ, चाचा."

"मेरी वजह से."

हीच ती वेळ होती. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "मेहमान था. मेरे हात से प्यासा मरा. बच्चों कू पानी दिया, उसका गम नै. पर उसका जवाब मेरे कू देना पडता. तुम उसकू पाले-पोसे, साहब. तुम तो माफ करो."

आणि मी काय केलं? मी त्यांचे जोडलेले हात धरले आणि म्हणालो, "जाने दो चाचा. माफ किया."

त्यांना हायसं वाटलेलं मी पाहिलं. त्यांनी मुलीला आणखी चहा टाकायला सांगितलं आणि मी तोही प्यालो.

मालक मूर्ख होते. मी त्यांना आजही मूर्खच म्हणतो. पण त्यांचं झाडावर प्रेम तरी होतं. माझं कशावर होतं? नोकरीवर म्हणावं, तर मालकांनी पुढच्याच साली बागेचा नाद सोडून कोंबड्या पाळल्या आणि मला काढून टाकलं. एवढ्यासाठी.

परत जाईन, नीट सांगेन, असं म्हणत राहिलो. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत गावोगावची कितीतरी मुसलमान घरं भीतीनं उठून कुठे कुठे गेली. रस्ते सुरू झाल्यावर मी हट्ट्याला गेलो, तेव्हा त्या घराला कुलूप होतं. ओट्यावर शेजाऱ्यांची शेळी बसली होती. कुणी म्हणालं, हैदराबादकडे गेले. कुणी म्हणालं, म्हातारा वाटेतच गेला. खात्रीनं कुणी सांगेना. खुंटी दारातून दिसत होती. कातडं नव्हतं. ते बरोबर नेलं असावं.

येताना एस.टी. नव्हती, बैलगाडी होती. वाटभर मी ते शब्द जुळवत आलो. त्यांच्या बोलीत, त्यांना समजतील असे. अजून पाठ आहेत. ज्याला सांगायचे तो माणूस नाही, म्हणून इथे लिहितो.

चाचा, वो मेहमान नै था. औंढे के पहाड का झाड था, मैं ला को लगाया था. उसकू पानी की जरूरतच नै थी. वो प्यास से नै मरा, पानी से मरा, और वो पानी तुम नै डाले थे. तुम्हारे हात से कोई प्यासा नै मरा, चाचा. माफी तुम मांगे, देना मेरे कू नै था. मेरे कू मांगना था.